एकवीस निर्धाव षटकं आणि एक पियुष

दादर, मुंबई
रविवार, रात्री साडेदहा

प्रिय अन्या,

तू पाठवलेली ‘कधीच न मोडणारे दहा विक्रम’ ही यादी मिळाली. खरं तर फोनवर अंगठ्याचं चित्र पाठवून मोकळा होणार होतो. पण आज दिवसभर मैदानात ती डोक्यात घोळत राहिली. संध्याकाळी चिखलाची पँट भिजत टाकताना ठरवलं की याला अंगठा नाही पुरायचा, पत्रच लिहायचं. नागपुरात बसून तू करतोस तरी काय दिवसभर? वाच निवांत.

आज आझाद मैदानावर कांगा लीगची, आपल्या पावसाळी क्रिकेटची, मॅच होती. मी नेहमीप्रमाणे तंबूत, मांडीवर स्कोअरबुक. सकाळी सर येऊन गेली, मग भुसा टाकून, पोती पिळून अकराच्या पुढे खेळ सुरू झाला. आमच्याकडे एक डावखुरा पोरगा आहे, एकोणीस-वीस वर्षांचा. त्या ओल्या खेळपट्टीवर त्याने असा काही टप्पा पकडला की विचारू नकोस. एक षटक निर्धाव, दुसरं निर्धाव. तुला आठवतं ना, बिनधावेच्या सहा चेंडूंची सहा टिंबं झाली की ती जोडून आपण मेडनचा ‘एम’ काढायचो? पाच एम काढले मी ओळीने. सहाव्यासाठी पेन टेकवून बसलो, तर कॅप्टनने बॉल काढून दुसऱ्याच्या हातात दिला. म्हणाला, बॅट्समन सेट होतायत, काहीतरी वेगळं करू.

पोरगा आमच्या तंबूसमोर फाइन लेगला येऊन उभा राहिला. मी म्हटलं, पाच निर्धाव टाकलीस ओळीने, शाब्बास. तो म्हणाला, “पण काका, विकेट नाही ना मिळाली.” मग मी त्याला आपल्या कसोटीवीर बापू नाडकर्णींचं सांगितलं. ओळीने एकवीस निर्धाव षटकं. तो पुरता वळून माझ्याकडे बघायला लागला. शेजारच्या मॅचचा बॉल त्याच्या पायाशी आला तरी पत्ता नाही. “एकवीस? मग विकेट किती?” म्हटलं, शून्य. “मग काय उपयोग?”

मी काही बोललो नाही. पुढची टिंबं मांडायची होती. पण तुझ्या यादीत बापू नाहीत हे तेव्हा लक्षात आलं आणि डोकं फिरलं. दहा विक्रम, त्यात पोहण्यातली फेल्प्सची तेवीस ऑलिंपिक सुवर्णपदकं आहेत, बोल्टचे शंभर मीटरचे ९.५८ सेकंद आहेत, आणि बापू नाहीत! आणि ती यादी तू पाठवतोस? तू? ज्याच्या वडिलांनी ते षटक न् षटक रेडिओवर ऐकलं होतं?

काका ती गोष्ट किती वेळा सांगायचे! जानेवारी १९६४, मद्रासची कसोटी, समोर इंग्लंड. तू दोन वर्षांचा, त्या मर्फीची बटणं पिरगाळायला धडपडत होतास. काका दाढीला बसले तेव्हा नाडकर्णी टाकत होते आणि धाव नव्हती. दाढी झाली, आंघोळ झाली, चाळीच्या टोकाला जाऊन पाण्याचं भांडण सोडवून आले, तरी धाव नव्हती. काकूंनी विचारलं, रेडिओ बिघडलाय का? दर खेपेला गोष्टीत एक काम वाढायचं. शेवटी शेवटी तर ते गिरगावात जाऊन येत असत. पण मूळ गोष्टीत तिखटमीठ नाही. पृथक्करण बघ: ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, ० बळी. स्कोअरर म्हणून मला यातली एक गंमत दिसते. सत्तावीस निर्धाव काढली की पाच षटकं उरतात आणि धावाही पाचच. म्हणजे ज्या षटकात धाव निघाली, त्यात ती एकच निघाली. दोन धावा कुठल्याही षटकात नाहीत. सलग १३१ चेंडू धाव नाही! त्या दिवशी मद्रासला पुस्तक ज्याच्या मांडीवर होतं त्याच्या पानाचा मला हेवा वाटतो. एकवीस एम, ओळीने, एकाच नावापुढे. मधमाशीच्या पोळ्यासारखं दिसलं असेल.

आता हे का मोडणार नाही? बापूंसारखा टप्पा कुणाला जमणार नाही म्हणून नव्हे. ते सरावाला खेळपट्टीवर नाणं ठेवून त्यावर चेंडू टाकायचे म्हणतात. आजच्या पोरालाही ते जमेल, शिकवलं तर. पण फलंदाज तेवढा वेळ नुसता उभा राहणार नाही, आणि राहिला तरी कॅप्टन एवढा वेळ एकाला ठेवणार नाही. माझ्या पोराला तर पाच षटकांनंतरच काढला. त्या मालिकेत पाच कसोटी झाल्या आणि पाचच्या पाच अनिर्णित. तेव्हा कसोटी अनिर्णित ठेवणं हे काम होतं, लाज नव्हती. कारकिर्दीत बापूंनी षटकामागे पावणेदोन धावासुद्धा दिल्या नाहीत, आणि आज चार दिल्या तर टीव्हीवाला ‘टिच्चून गोलंदाजी’ म्हणतो.

आणि बघ, त्याच १९६४ साली ३१ मार्चला मुंबईची ट्राम बंद झाली. बोरीबंदरहून दादरला शेवटची आली ती. काका तीही गोष्ट सांगायचे, कशी गर्दी लोटली होती, आणि माणसं कशी त्या तिकिटाची घडी जपून ठेवत होती. त्या ट्रामने सर्वात जास्त वेळा प्रवास कुणी केला असेल कोण जाणे, पण ज्याने केला त्याचा विक्रम आता कुणाच्या बापाला मोडता येणार नाही. का? तर रूळच उखडले. मला बापूंचा विक्रम त्या जातीचा वाटतो. धावणारा मागे पडला नाही, रस्ताच उखडला.

भालाफेकीत तर हे शब्दशः झालंय. पूर्व जर्मनीचा उवे होन, १९८४ साली बर्लिनला त्याने १०४.८० मीटर भाला टाकला. शंभरीपार गेलेला माणूस हा एकच. भाला मैदानाबाहेर जाऊन कुणाला लागेल अशी भीती वाटायला लागली, शिवाय तो आडवा पडायचा, टोक टेकलं की नाही यावर भांडणं व्हायची. मग १९८६ पासून भाल्याचा गुरुत्वमध्यच पुढे सरकवला. भाला लवकर नाक खाली घालायला लागला आणि विक्रमांची वही नव्याने सुरू झाली. नव्या भाल्याचा विक्रम झेलेझ्नीचा, ९८.४८, तो १९९६ पासून उभा आहे. गंमत अशी की हे दोघेही आपल्या नीरजचे प्रशिक्षक झाले, आधी होन आणि पुढे झेलेझ्नी. नीरजने २०२५ मध्ये दोह्याला नव्वदी ओलांडली, ९०.२३. होनचा आकडा त्याला गाठायचाच नाहीये, कारण तो भालाच आता नाही.

आणि डर्बनची ती न संपणारी कसोटी! १९३९, ३ मार्चला सुरू झाली आणि १४ मार्चला नाइलाजाने थांबली. निकाल लागेपर्यंत खेळायचं ठरलं होतं. इंग्लंडला ६९६ हव्या होत्या, ५ बाद ६५४ झाल्या होत्या. बेचाळीस धावा उरल्या, आणि बोट सुटायची वेळ झाली! एवढं घाम गाळून शेवटी सामना अनिर्णित. आपण नाही का चाळीत दिवे लागले, आईने हाक मारली की ‘उद्या इथूनच’ म्हणायचो आणि उद्या कधीच इथून सुरू व्हायचं नाही, तसंच. आता कसोटी पाच दिवसांची. सर्वात लांब सामना हा विक्रम डर्बनच्या नावावर राहणार.

आता तुझ्या यादीकडे वळतो. पहिला नंबर सचिनची शंभर शतकं. सोळा मार्च २०१२, मिरपूर, ११४ धावा, आणि तो सामना आपण बांगलादेशाकडून हरलो, हे यादीवाला सांगत नाही बरं का. कोहली ऐंशीच्या पुढे जाऊन कसोटी सोडून बसला, तेव्हा शंभर सध्या सुरक्षित. सचिनच्या २०० कसोटींच्या जवळ अँडरसन पोचला होता, १८८. सचिनच्या १५,९२१ कसोटी धावांवर मात्र मी पैज लावणार नाही. रूट दुसऱ्या क्रमांकावर येऊन बसलाय आणि इंग्लंडवाले कसोटी खेळतातही भरपूर. तुझा जीव दुखावेल, पण मोडला तर मोडू दे. वानखेडेवर सचिन खेळपट्टीला नमस्कार करून गेला तेव्हा तू माझ्या खांद्यावर रडला होतास, ते काही मोडणार नाही.

ब्रॅडमनची ९९.९४ ची सरासरी तू लिहिलीस, त्यावर काय बोलायचं? शंभराच्या सरासरीला शेवटच्या डावात चार धावा हव्या होत्या आणि होलीसने शून्यावर दांडी उडवली, हे आता अंगणवाडीतल्या पोरांनाही माहीत आहे. मुरलीच्या ८०० कसोटी बळींना माझा दुजोरा. शेवटच्या कसोटीत आला तेव्हा ७९२ होते. आठवा बळी मिळता मिळेना, दुसऱ्या टोकाकडून कुणी विकेट घेतली तर संपलंच, आणि शेवटी आपला प्रग्यान ओझा स्लिपमध्ये झेल देऊन त्याच्या उपयोगी पडला. बोल्टचं मात्र काढून टाक यादीतून. धावणं बंद होत नाही, ट्रॅक आणि बूट दर वर्षी सुधारतात. बीमनच्या ८.९० मीटर लांब उडीलाही लोक असंच म्हणायचे, तेवीस वर्षांनी १९९१ मध्ये पॉवेलने ८.९५ मारली.

आता म्हणशील, सुध्या, तू कोण लागून गेलास सांगणारा? बरोबर आहे. ‘कधीच’ हा शब्द मी दोनदा वापरलाय आणि दोन्ही वेळा तोंडावर आपटलोय. फेब्रुवारी १९८८. शारदाश्रमच्या त्या दोन पोरांनी हॅरिस शील्डमध्ये ६६४ ची भागी केली, विनोद कांबळी नाबाद ३४९, सचिन नाबाद ३२६. आपण ऑफिसातून सुटून ‘प्रकाश’मध्ये पियुष पीत बसलो होतो. मी टेबलावर हात आपटून म्हणालो, हे आपल्या हयातीत मोडायचं नाही. तू म्हणालास, शाळेचं क्रिकेट आहे, कुठेतरी कुणीतरी मोडेल. लावली पैज. अठरा वर्षांत हैदराबादच्या शाळेतल्या दोन पोरांनी ७२१ केल्या! पियुष पाजलं मी, आठवत असेल. तू वर दुसरा ग्लासही मागवलास.

दुसऱ्यांदा कॉलिन्सच्या ६२८ वर. तेरा वर्षांचा इंग्लिश पोरगा, १८९९ साली शाळेतल्या हाउस मॅचमध्ये नाबाद ६२८. पुढे पहिल्या महायुद्धात १९१४ ला मारला गेला बिचारा. शंभर वर्षं कुणी त्याच्या जवळ फिरकलं नाही म्हणून मी पुन्हा छाती ठोकली. आणि जानेवारी २०१६ मध्ये आपल्या कल्याणला प्रणव धनावडेने नाबाद १००९ काढल्या. संघाच्या ३ बाद १४६५! समोरचा संघ दुबळा होता, एकीकडची सीमारेषा हाकेच्या अंतरावर होती, हे सगळं खरं. पण ३२७ चेंडू त्यानेच खेळले ना? मला त्या दिवशी त्यांच्या स्कोअररची दया आली. पुस्तकात एका फलंदाजापुढे असते तेवढ्या जागेत १२९ चौकार आणि ५९ षटकार कसे कोंबायचे? चिकटपट्टीने कागद जोडावे लागतील.

म्हणून आता मी कुठल्याही आकड्यावर पैज लावत नाही. आधी रूळ जागेवर आहेत का ते बघतो.

निंबाळकरांवर मात्र मी आयुष्यभर चिडलेला राहणार. तुझं आजोळ कोल्हापूरचं, तुला सांगायला नको. भाऊसाहेब निंबाळकर, डिसेंबर १९४८, पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३. ब्रॅडमनच्या ४५२ ला नऊ कमी. मधल्या सुट्टीत काठियावाडचे कॅप्टन, राजकोटचे ठाकूरसाहेब, म्हणाले डाव घोषित करा नाहीतर आम्ही चाललो. आपल्याविरुद्ध जागतिक विक्रम झाला हे नाव नको होतं त्यांना. आणि गेले सामान बांधून! अरे, बॉल टाकायलाच कुणी नाही तर माणसाने करावं काय? नऊ धावा. दोन चौकार आणि एक. इतकं करून त्या माणसाला भारताकडून एक कसोटी खेळायला मिळाली नाही. एकही कसोटी न खेळलेल्या माणसाची सर्वात मोठी खेळी, आणि प्रथम श्रेणीत भारतीयाची सर्वात मोठी खेळी, दोन्ही अजून त्यांच्याच नावावर. जागतिक विक्रम पुढे हनीफने घेतला, मग लाराने ५०१ करून. ठाकूरसाहेबांनी नाव टाळायला धडपड केली आणि आज पाऊणशे वर्षांनी त्यांची आठवण निघते ती एवढ्याचसाठी.

एक तुला झोंबेल असंही लिहितो, कारण तू आता विदर्भवाला झालास. बॉम्बेची सलग पंधरा रणजी विजेतेपदं, १९५८-५९ ते १९७२-७३. तुझ्या यादीत हेही नाही. आपण जन्मलो तेव्हा बॉम्बे जिंकत होती, शाळेत गेलो तेव्हा जिंकत होती. बॉम्बे हरूही शकते हे आपल्याला कळलं तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं. कर्नाटकने उपांत्य सामन्यात अडवलं त्या संध्याकाळी चाळीत कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. जोशीकाकांनी तर जेवायला वाढलेलं ताट परत पाठवलं होतं. तेव्हा दादर युनियन आणि शिवाजी पार्क जिमखान्याची मॅच रणजीपेक्षा चुरशीची व्हायची. बँका, गिरण्या, कंपन्या खेळाडूंना नोकऱ्या द्यायच्या, आणि कसोटीवीर कांगाच्या चिखलात कसोटी असल्यासारखे खेळायचे. आता रणजीत अडतीस संघ आहेत आणि भारताचे खेळाडू वर्षातून एखादा सामना खेळले तर बातमी होते. शहराशहरांतून पोरं येतायत, आणि ते चांगलंच आहे. तुमच्या विदर्भाने तीनदा करंडक नेला, २०२५ मध्ये तर उपांत्य सामन्यात आम्हालाच लोळवून नेला. मान्य. पण आदल्या वर्षी वानखेडेवर फायनलला काय झालं होतं, तेही सांग नातवाला. बेचाळिसावा करंडक होता तो आमचा. आणि तुम्ही सलग पंधरा जिंकलात तर मी नागपूरपर्यंत चालत येईन, मे महिन्यात.

एजाज पटेलचं राहिलं. मुंबईत जन्मलेला पोरगा, न्यूझीलंडकडून खेळायला आला आणि डिसेंबर २०२१ मध्ये वानखेडेवर एका डावात दहाही बळी. त्याच्या आधी फक्त इंग्लंडचा लेकर आणि आपला कुंबळे. पुढे आणखी कुणी घेईल, पण अकरावा बळी आणणार कुठून? माझ्या शेजाऱ्याने टीव्हीसमोर टाळ्या वाजवल्या, मग आपला डाव होता हे आठवून थांबला, मग परत वाजवल्या. न्यूझीलंड ६२ वर आटोपलं आणि सामना ३७२ धावांनी हरलं ते वेगळं. लेकरचे एका कसोटीत १९ बळी, ९० धावांत, १९५६, तेही याच जातीचे. विसावा त्याच्याच संघातल्या टोनी लॉकने घेतला. अख्ख्या सामन्यात एकच! त्या लॉकला त्या रात्री झोप कशी लागली असेल याचा विचार मी स्कोअरबुक घेऊन पावसात बसलो की करत असतो.

बरं, पुरे. हात दुखायला लागला. पोरगा संध्याकाळी जाताना परत तंबूत आला होता. म्हणाला, काका, ते पान दाखवा ना. दाखवलं. पाच एम. त्याने फोनवर फोटो काढला, बराच वेळ बघत राहिला आणि मग विचारलं, “त्या बापूंना एकविसाव्यानंतर कुणी काढलं की त्यांनीच धाव दिली?” म्हटलं, धाव निघाली. “मग ठीक आहे,” म्हणाला आणि बॅग उचलून चर्चगेटकडे पळाला.

सप्टेंबरात ये. पाऊस ओसरायच्या आत ये, कांगाचा एक रविवार पदरात पाडून घे. येताना संत्रा बर्फी आण, मागच्या वेळी आणलीस तशी साखरेची नको. वहिनींना नमस्कार, नातवाला पापा.

तुझा,
सुध्या

ता. क. काकांचा तो मर्फी अजून आहे का रे माळ्यावर? भंगारात दिला नसलास तर देऊ नकोस. लागत नसला तरी चालेल, मी येऊन घेऊन जाईन.